सगळ्या गौरी एकाच कप्प्यात

हेमावती चिडली की जिना भरभर चढते, हे मैसूरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सोमवारी ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आली आणि बॅग खांद्यावरून न काढताच मला म्हणाली, "पुट्टमादय्या गुरुवारी यंत्र परत करणार आहेत."

पुट्टमादय्या हे तिच्या गावच्या, हलगेहळ्ळीच्या, दूध सोसायटीचे सेक्रेटरी. यंत्र आमचं. ते दूध मोजतं, चिठ्ठी छापतं आणि प्रत्येक गाईच्या दुधाची नोंद क्लाउडवर पाठवतं. एखाद्या गाईचं दूध अचानक घटलं की डॉक्टरला निरोप जातो. दोन वर्षं बारा गावांत सगळं सुरळीत होतं. हलगेहळ्ळीत तर सोसायटीच्या कट्ट्यावर उभं राहून, अख्ख्या गावासमोर, हेमानेच ते बसवून घेतलं होतं. या महिन्यात बाराची तीनशे गावं झाली. सकाळी सव्वासहाला सगळीकडे एकदम दूध येतं, आणि एकेका चिठ्ठीला तीन-तीन मिनिटं लागायला लागली. हलगेहळ्ळीची रांग मारम्माच्या देवळापर्यंत गेली.

"बायका अव्वाला विचारतात, तुझी मुलगी शहरात नेमकं करते तरी काय?"

"मग तुझी आई काय सांगते?"

"म्हणते, चिठ्ठी आली की मलाही कळेल."

मंगळवारी सहालाच आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो. नोंदी लिहिण्याचं ओझं वाटलं जावं म्हणून आम्ही साठवणीचे सोळा कप्पे केले होते. दूध सुरू झालं. पंधरा कप्पे निवांत, आणि सोळाव्याची रेघ थेट छताला.

"क्लाउडवर अजून मशीन वाढवू या का?" मी म्हटलं.

"शनिवारी वाढवलीच की. सगळी पोती एकाच्या डोक्यावर आणि बाकीचे सावलीत बसलेत. आणखी चार आणलेस तर तेही सावलीतच बसतील."

तिने तो सोळावा कप्पा उघडला. गौरी. गौरी. गौरी. गौरी. खाली सरकवत गेलो तरी गौरीच. हेमा टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

सुरुवातीच्या काळात आम्ही गाईंना नंबर देऊ म्हटलं होतं. तेव्हा याच पुट्टमादय्यांनी विचारलं होतं, "गाईला नंबर? ती काय बस आहे?" म्हणून नोकरीच्या पहिल्याच वर्षी हेमाने कप्पे गाईंच्या नावावरून ठरवले. एका नावाच्या सगळ्या गाई एका कप्प्यात. बारा गावांतल्या गौरी त्यात मावल्या. तीनशे गावांत त्या अकरा हजार निघाल्या.

"आमच्या घरचीही गौरीच आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "स्वतःच्या गाईला मीच रांगेत उभं केलंय."

दुपारपर्यंत तिने वाटणी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या नंबरावरून केली. मग खोट्या गाईंची एक खोटी सकाळ तयार करून, आजच्या तिप्पट दूध ओतून पाहिलं. सोळाही कप्पे सारखे कामाला लागले. पण चिठ्ठी अजून वीस सेकंद घेत होती, कारण नोंद पूर्ण लिहून झाल्यावरच ती छापायची, असं आम्हीच ठरवलं होतं.

"आधी छापली आणि नोंद हरवली तर?" मी विचारलं.

"अव्वा डबा रांगेत ठेवते आणि घरी जाऊन झाडलोट करते. डबा ठेवला की नंबर लागला. हरवतो का कधी?"

मग आम्हीही तशीच रांग बांधली. नोंद आली की ती आधी रांगेत पक्की ठेवायची, लगेच चिठ्ठी द्यायची, आणि मागून पाचशे-पाचशे नोंदी एकदम कप्प्यांत लिहायच्या. बुधवारी संध्याकाळी बदल सगळ्या गावांना लागू केला. हेमाने त्या आनंदात तीन मद्दूर वडे खाल्ले, त्यातला एक माझा होता.

गुरुवारी सकाळी आम्ही हलगेहळ्ळीत. पुट्टमादय्या जुनी वही उघडून, कानाला पेन लावून तयारच होते.

"या इंजिनियरीणबाई. आज तुमच्या यंत्राला नारळ द्यायचाय."

"द्या की अण्णा. आधी दूध तर घ्या."

पहिला डबा. माप पुरतं खाली ठेवायच्या आत चिठ्ठी. दुसरा, तिसरा. चौथ्याला पुट्टमादय्यांचा हात कानाकडे गेला आणि तसाच परत आला. सव्वासहा वाजले, साडेसहा वाजले, चिठ्ठ्या येतच होत्या. आता यंत्रच डब्यांची वाट पाहत होतं. पावणेसातला कट्टा जवळजवळ रिकामा.

"हे काय गं," एक म्हातारी हेमावर करवादली. "रांगच नाही, मग सुनांबद्दल बोलायचं कधी?"

पुट्टमादय्यांनी स्वतःच्या गाईची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. "नंबर टाकलास म्हणे?"

"तो फक्त यंत्राला. चिठ्ठीवर गौरीच आहे, बघा."

"हं. तिला कळू देऊ नकोस." त्यांनी वही मिटून बाकाखाली सारली आणि शेजारच्या गावच्या सेक्रेटरीला फोन लावला. "काय हो, तुमचं आटपलं का? आमच्याकडे बायका घरी जाऊन रोट्ट्या थापतायत." पलीकडूनही तेच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी फोन जरा नाराजीनेच ठेवला.

हेमाची अव्वा, निंगम्मा, शेवटची आली. रेंगाळलेल्या बायकांतल्या एकीने विचारलंच, "तुझी मुलगी शहरात काय करते म्हणालीस?"

निंगम्माने चिठ्ठी कमरेला खोचली. "तुला चिठ्ठी मिळाली ना? मग घरी जा."