जुना क्लायंट, गुरुवार चार वाजता

आमच्या ऑफिसात तिला सगळे बघतेबाई म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं: मी बघते. सोळाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, मी बघते. मेकॅनिक साइटवर भांडून आला, मी बघते. पाण्याचं मशीन गळतंय, तेही हीच बघणार. मला तर राग यायचा. अहो, मशीन बघायला माणूस आहे की. पण बाईच्या तोंडातून नाही म्हणून निघायचंच नाही, आणि अशा बाईच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लोक टपलेलेच असतात.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि सांभाळते. बघतेबाई सर्व्हिस विभागात होती, म्हणजे बंद पडलेल्या लिफ्ट, आत अडकलेली माणसं आणि बाहेर ओरडणारी माणसं. मी त्या मजल्याचं कॅलेंडर सांभाळते. कोण कधी मोकळं, कुणाची मीटिंग कुठल्या खोलीत, कुणाला कुठे घुसवायचं, हे सगळं माझं राज्य. बावीस वर्षं झाली. चार साहेब आले नि गेले, मी त्याच खुर्चीत. स्वभाव फटकळ आहे, कबूल. फोनवर कुणी 'अं… म्हणजे… मला…' सुरू केलं की त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. वेळ वाचतो.

बघतेबाईचं नेमकं उलटं. समोरचा बोलता बोलता थांबला तर ती मध्ये तोंड घालायची नाही. नुसती त्याच्याकडे बघत बसायची. मेकॅनिक सांगायचा, पार्ट आला नाही म्हणून काम राहिलं. ही गप्प. मग तोच चुळबुळ करत म्हणायचा, म्हणजे आला होता, मीच आणायला गेलो नाही. सगळ्यांना वाटायचं, बाई कुठल्यातरी भारी ट्रेनिंगला जाऊन आलीय. मुख्य ऑफिसने एकदा तिला त्यावर भाषणच करायला लावलं, 'नेतृत्व आणि ऐकण्याची कला' असलं काहीतरी. ती दहा मिनिटं बोलली. कुठे शिकली ते मात्र सांगितलं नाही.

तिच्या कॅलेंडरात दर गुरुवारी चार ते साडेपाच एक चौकोन असायचा: 'जुना क्लायंट, बाहेर'. तीन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. अंगात ताप असताना बाई इतर मीटिंगा रद्द करायची, पण जुन्या क्लायंटकडे जायचीच. मी म्हणायचे, एवढा कोण लागून गेलाय.

मग विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. तिला ती जागा हवी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण बाईमाणूस वर चढलं की सगळे म्हणतात, तिने काही मागितलं नव्हतं हो, आपणहून चालून आलं. हिने मागितलं होतं. अर्ज केला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून उत्तरांची तयारी करायची, मी या कानांनी ऐकलंय. समोर होता आमचा जिमवाला. त्याच्या कॅलेंडरात रोज साडेपाचला 'जिम' असं उघड लिहिलेलं, आणि त्या जिमला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मुख्य ऑफिसचे तिघे मुलाखत घ्यायला येणार होते. सोमवारी त्यांच्याकडून फोन आला, अडीच वाजता जिमवाला ठरलाय, बाई गुरुवारी चारला मोकळ्या आहेत का. बाई तेव्हा बाहेरच्या साइटवर, फोन लागेना. मी चौकोन बघितला. म्हटलं, क्लायंट काय, एक दिवस थांबेल. उचलला आणि शुक्रवारी नेऊन ठेवला, या हाताने. मनात म्हटलं, बघतेबाई, आज मी तुझ्यासाठी काहीतरी बघितलं.

बुधवारी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, गुरुवारचं कुणी हलवलं?"

मी फुशारकीने सांगितलं की मी. त्या क्लायंटचा नंबर द्या, मी समजावते त्याला.

ती नेहमीसारखी थांबली. मग म्हणाली, "नऊ वर्षांची आहे. माझी मुलगी."

मुलगी बोलताना अडखळते. गुरुवारी तिची स्पीच थेरपी असते, आणि तिथे आईलाही बसवतात. आईबापांना पहिला धडा देतात तो हाच: लेकराचं वाक्य पुरं करू नका, घड्याळाकडे बघू नका, थांबा. झालं, ऐकण्याची कला ती हीच. तीन वर्षांपूर्वी बाईने कॅलेंडरात सरळ 'मुलीची थेरपी' असं लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यावर मीटिंग येऊन बसली, दुसऱ्याही. तिसऱ्यांदा ती साहेबांकडे गेली, तर तेव्हाचे साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, घरचं घरी ठेवा. चौथ्या आठवड्यापासून मुलीचा जुना क्लायंट झाला, आणि त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

त्या मीटिंगा तिच्या गुरुवारवर ओढल्या कुणी? कॅलेंडर माझ्याशिवाय कुणाच्या हातात नव्हतं. थेरपी काय, पुढच्या आठवड्यातही होते, असं मीच म्हटलेलं मला लख्ख आठवलं. तिने ते काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

बरं, हा गुरुवार साधा नव्हता. त्या दिवशी प्रत्येक मुलाने कुणातरी अनोळखी माणसाला फोन लावून एक प्रश्न विचारायचा होता. अशा मुलांना फोनची भारी धास्ती. समोरच्याला चेहरा दिसत नाही, त्याला वाटतं लाइन गेली, आणि तो ठेवून देतो. पोरगी दोन आठवडे तयारी करत होती आणि आई शेजारी बसणार असं ठरलं होतं.

मी मुख्य ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, साहेबांचं सातचं विमान आहे, जमत नसेल तर कळवा, आम्ही एकाच उमेदवाराला बघू. जिमवाल्याकडे गेले, म्हटलं अडीचच्या ऐवजी चारला जातोस का. तो म्हणाला, साडेपाचला जिम असतं ना. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी बाई खुर्चीत टेकली म्हणून नाही. खिडकीपाशी जायची, परत यायची, फोन उचलून ठेवायची. एकदा म्हणाली, मुलाखत सोडते. थोड्या वेळाने म्हणाली, का सोडू? आणि हे दोन्ही ती माझ्याकडे बघून म्हणत होती. शेवटी नवऱ्याने कामाची पाळी बदलून घेतली, थेरपीला तो बसणार असं ठरलं. तो माणूस चांगला आहे, पण तीन वर्षांत त्या खोलीत एकदाही बसला नव्हता.

गुरुवारी चारला पाच मिनिटं असताना ती फाइल छातीशी धरून माझ्याकडे आली.

"ताई, फोन कुणाला करायचा ते तिने ठरवलंय. मला सांगत नाही, पण काल इथला नंबर लिहून घेतलाय. आला तर तिचं वाक्य पुरं करू नका. एवढंच."

आणि आत गेली. मुलाखतीची खोली काचेची, माझ्या टेबलासमोरच. ती अशी बसली की बोलता बोलता तिला मी दिसेन.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"हॅलो. म… म… म…"

मम्मी, मॅडम, मावशी, तिन्ही शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभे. मी ओठ मिटले. दुसरी लाइन लुकलुकायला लागली. नजर घड्याळाकडे जात होती ती ओढून आणली. पेन दातात धरलं, नाहीतर माझा काही भरवसा नाही. आत बाई साहेबांशी बोलत होती आणि डोळे माझ्या तोंडावर.

"म… मला एक वि… विचारायचंय."

मी हूं केलं. परत शांतता. इतकी लांब की मलाही वाटलं, लाइन गेली.

"मी ज… जुना क्लायंट बोलतेय. माझी अपॉइंटमेंट क… कुणी हलवली?"

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं, आपल्याला ऑफिसात काय म्हणतात तेसुद्धा.

ऑफिसने हलवली, सिस्टिममध्ये गडबड झाली, असली उत्तरं मी दिवसातून वीस वेळा देते. त्यातलं एकही येईना. बावीस वर्षांत मी फोनवर कधी अडले नव्हते, त्या दिवशी अडले. मी… मी… एवढंच निघत होतं. आणि त्या पोरीने माझं वाक्य पुरं केलं नाही. ती थांबली.

"मी हलवली," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"ब… बरं. थँक यू."

फोन ठेवता ठेवता मागे टाळ्या ऐकू आल्या. त्यात एका पुरुषाची टाळी जरा जास्तच जोरात होती. मी दातातलं पेन काढून खाली ठेवलं. काचेपलीकडे बाईने माझ्यावरची नजर काढली आणि खुर्ची साहेबांकडे पुरती वळवून बसली. माझे डोळे भरून आले, लाजायचं काय त्यात.

अकरा दिवसांनी जागा तिला मिळाली. तिसऱ्याच दिवशी मुख्य ऑफिसची मेल आली: सगळ्या विभागप्रमुखांची बैठक, दर गुरुवारी, चार वाजता. ती वाचून म्हणाली, मी बघते. मी म्हटलं, तुम्ही काही बघू नका, आणि फोन उचलला. पलीकडून विचारलं, गुरुवारी चारला असं काय आहे? मी म्हटलं, जुना क्लायंट आहे, आणि तोंड मिटलं. मग तेच म्हणाले, पाचला चालेल? मी गप्प. साडेपाचनंतर? पावणेसहा, मी म्हटलं.

फोन ठेवून तिला विचारलं, आता तरी त्या चौकोनात खरं लिहू का? तिने माझ्या स्क्रीनवरचा चौकोन एकदा बघितला. मग म्हणाली, लिहा. मी 'मुलीची थेरपी' असं लिहिलं. पहिल्याच आठवड्यात जिमवाल्याने त्यावर एक मीटिंग मागितली. मी ती त्याच्या जिमवर नेऊन ठेवली.