बिनरेघेची अक्षरं

मराठी लिपीवर इतका जीव टाकलेला आणि तिनेच इतका छळलेला दुसरा माणूस नाशिक जिल्ह्यात झाला नसेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. अंबडच्या एका कारखान्यात लाल दिव्यांच्या पाट्या बनत, त्यांत ठिपक्या-ठिपक्यांनी उजळणारी अक्षरं हा माणूस पाडायचा. नव्वदीच्या सुरुवातीला ते भलतंच आधुनिक काम होतं. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत अक्षर तयार करायचं, मग तेवढेच दिवे पेटवायचे. पण कागदावर लांबून काही दिसेना, म्हणून साडूभाऊंनी आमच्या मेव्हणीच्या लाल टिकल्या वापरायला घेतल्या. पाकिटंच्या पाकिटं संपली. एका हळदीकुंकवाला ती बिचारी पेनाने ठिपका काढून गेली. घरी आलेल्या पाहुण्याला साडूभाऊ आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाठवत आणि स्वतः गॅलरीत टिकल्यांचा कागद धरून उभे राहत. पाहुण्याने वाचलं तर चहा. मी एकदा ‘देवळा’ या गावाच्या नावातली मात्रा दिसत नाही असं गच्चीवरून ओरडून सांगितलं, तर दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आणि दिवाळीत बोलले तेही मात्रेबद्दलच.

सगळं दुखणं सात ओळींचं होतं. त्या पाट्यांमध्ये दिव्यांच्या आडव्या ओळी सातच. इंग्रजी अक्षर त्यात पाय पसरून बसतं. मराठीला मात्र डोक्यावर रेघ, रेघेवर मात्रा, पायाशी उकार; तिला सात ओळी म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाला एक रिक्षा. मालक म्हणायचे, “अहो, इंग्रजी बसतंय ना? मग कशाला डोकं फोडता?” मेव्हणी म्हणायची, “त्यापेक्षा पाटीच वीतभर उंच करा की.” यावर साडूभाऊ शांतपणे म्हणत, “पाटी आपल्या हातात नाही. अक्षर आहे.”

आणि ते हातात ठेवायचं कारण एकच होतं. पिंपळगावच्या कांदा बाजारात वजनकाट्यापाशी पाटी लागणार होती. ज्या गावच्या ट्रॅक्टरची पाळी, त्या गावाचं नाव त्यावर उजळणार. साडूभाऊंचं म्हणणं, पहाटे देवळ्याहून, सटाण्याहून निघून आलेल्या माणसाला निदान स्वतःच्या गावाचं नाव स्वतः वाचता यावं. शेजारच्याला विचारायची वेळ येऊ नये. एवढ्यासाठी ते काही वर्षं त्या सात ओळींशी झुंजले, आणि अखेर एका रविवारी, जेवताना, घरात कोणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, “भाऊ, मी रेघ काढली.” अक्षरांच्या डोक्यावरची रेघच त्यांनी उडवली होती. मोकळ्या झालेल्या ओळीत मात्रा ऐसपैस बसली. त्या दिवशी त्यांनी श्रीखंडाला हात लावला नाही.

पाटी तपासायला आम्ही जीपमधून पिंपळगावला गेलो. काट्यापाशी पाटी टेकवली, वायर जोडली, आणि ‘सटाणा’ उजळलं. ट्रॅक्टरवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोळे बारीक केले आणि आपलं गाव ओळखून शेजारच्याला अहिराणीत म्हणाला, “हाई ते मनं गाव शे.” साडूभाऊंनी माझा दंड असा काही दाबला की वळ उठला. तेवढ्यात बाजाराचे सचिव बाहेर आले, पाटीकडे पाहत राहिले. म्हणाले, “रेघ कुठाय?”

“सात ओळींत बसत नाही, साहेब. पण वाचता येतं. आत्ताच बाबांनी वाचलं.”

“ते ठीक हो. पण लोक म्हणतील मराठीचं टक्कल केलं. मायबोलीचा अपमान आम्हाला चालणार नाही.” मग क्षणभर विचार करून ते म्हणाले, “त्यापेक्षा इंग्रजीच लावा.”

मराठीच्या अभिमानाखातर इंग्रजी पाटी लागली. मी तेव्हा मनसोक्त हसलो, सभेत सांगतात तसा हा किस्सा दहा घरी सांगितला. साडूभाऊ एकाही घरी माझ्याबरोबर आले नाहीत.

पुढे कारखान्यात रंगीत पडदे आले आणि ठिपके मेले. द्राक्षांची वाईन होऊ लागली होती तेव्हाची गोष्ट. जाहिरातीच्या धंद्यातली एक मुलगी कुठून तरी ती अक्षरं बघून साडूभाऊंकडे आली. “काका, काय रेट्रो आहे हे. बाटलीवर घेऊ?”

साडूभाऊंनी विचारलं, “लांबून वाचता येतंय ना?”

“वाचायचं कशाला? दिसतंय भारी.”

त्यांनी अक्षरं देऊन टाकली. गंगापूर धरणाच्या बाजूला त्या वाईनचा मोठा समारंभ झाला. भिंतभर ती अक्षरं, खाली ग्लास घेतलेली माणसं. त्या भिंतीवर काय लिहिलंय हे मी चारजणांना विचारलं. चौघांनी ते डिझाइन असल्याचं सांगितलं. साडूभाऊ लिंबू सरबत घेऊन कडेला उभे होते. म्हणाले, “चला भाऊ, बस मिळायची नाही.”

ते निवृत्त झाल्यावर मी एकदा कामासाठी पिंपळगावला गेलो होतो. काट्यापाशी ट्रॅक्टरांची रांग लागली होती, वर तीच इंग्रजी पाटी, आणि तिच्याखाली उन्हाआड कपाळावर हात धरून ती वाचणारे आमचे साडूभाऊ. आठवड्यातून एकदा एसटीने येतात म्हणे. पाटीवरचं गाव बदललं की रांगेच्या बाजूने चालत जाऊन मोठ्याने सांगतात. कोणी नेमलेलं नाही, कोणी हटकतही नाही. मला काहीतरी चावट सुचलं होतं. मी ते गिळलं. एका ट्रॅक्टरवरून हाक आली, “काका, आमचं देवळं लागलं काय?”

“नाही अजून,” साडूभाऊ म्हणाले. “तुम्ही चहा घेऊन या. लागलं की मी हाक मारतो.”