मोहसीनच्या छातीवर अल्फिया

जत तालुक्यात उन्हाळ्यात ज्या वस्त्यांवर टँकरचं पाणी येतं, तिथं मोहसीनला सगळे ओळखतात. टँकर वेळेवर आणणारा, पण बोलायला अगदी कंजूस ड्रायव्हर. त्याची बायको अर्फा सातव्या महिन्यात असताना तिचं ब्लडप्रेशर एकदम वाढलं. जतच्या डॉक्टरांनी तिला तातडीनं सांगलीला पाठवलं. तिथं सिझेरियन झालं, मुलगी झाली, अकराशे ग्रॅमची. अर्फाला झटके आले, म्हणून तिला खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात ठेवलं आणि मुलीला वर, नवजात बाळांच्या विभागात, काचेच्या पेटीत.

पहिले दोन दिवस मोहसीन नुसता जिना चढत-उतरत होता. खाली बायको शुद्धीवर नव्हती, वर लेकीकडं बघायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रांती सिस्टरनं त्याला दारातच गाठलं.

"मोहसीनभाई, आज बाळाला छातीशी धरून बसायचं. अंगाला अंग लागलं की बाळ उबेत राहतं, श्वासही नीट घेतं."

"आवं सिस्टर, ते बाईमाणसाचं काम. अम्मा हाय की माझी."

त्याची आई मेहरुनबी बाहेर बाकावर बसली होती. तिला आठवडाभर खोकला होता, त्यामुळं आत सोडत नव्हते. तीच म्हणाली, "जा रं. माझ्याकडं काय बघतोस? लेक तुझी हाय."

मोहसीननं कोपरापर्यंत तीनदा हात धुतले, तरी त्याला डिझेलचा वास येतच होता. शर्टाची बटणं सोडून तो खुर्चीत टेकला. सिस्टरनं नळ्या सांभाळत बाळ त्याच्या छातीवर ठेवलं आणि वरून कापड बांधलं. मोहसीन श्वास रोखून बसला.

"तुम्ही श्वास घ्या हो," सिस्टर हसली, "नाहीतर ती कुणाचं बघून शिकणार?"

अर्ध्या तासानं बाळाचे गार पाय त्याच्या पोटाला कोमट लागले. त्या दिवसापासून तो रोज पाच-सहा तास तसाच बसू लागला. लंगोट बदलायला शिकला, नळीतून दूध जाताना सिरिंज धरायला शिकला. आणि हा अबोल माणूस लेकीशी बोलायलाही लागला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून टँकरचा रस्ताच सांगायचा. माडग्याळ, संख, उमदी. कुठं चढ आहे, कुठं मेंढरं आडवी येतात.

नवव्या दिवशी तो बसल्या बसल्या अस्वस्थ झाला.

"सिस्टर, आज ही लय सुस्त हाय. रोज माझं बोट धरती, आज धरंना."

मशीनवरचे आकडे ठीक होते. तरी सिस्टरनं डॉक्टर संयोगिता यांना बोलावलं. त्यांनी बाळ तपासलं, मग मोहसीनला आणखी काय वेगळं वाटतं ते नीट विचारलं आणि रक्त तपासायला पाठवलं. जंतुसंसर्ग नुकताच सुरू झाला होता. औषध लगेच चालू झालं.

"तुम्ही लवकर सांगितलंत," डॉक्टर म्हणाल्या. "तिला सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच धरताय. असं काही जाणवलं की कधीही सांगायचं."

दोन दिवसांनी लेकीनं पुन्हा त्याचं बोट पकडलं. मोहसीननं डोळे पुसले आणि बाहेर जाऊन अम्माला सांगितलं.

तेराव्या दिवशी अर्फाला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं. तिनं लेकीला पहिल्यांदाच पाहिलं. घ्यायला हात पुढं केले आणि परत मागं घेतले.

"मला जमंल का हो?"

"जमतंय. मान अशी धर, तोंड एका अंगाला. हां, आता मागं रेल." मोहसीननं स्वतः कापड बांधलं. अर्फा त्याच्याकडं बघतच राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एवढं बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं.

दीड महिन्यानं अल्फिया घरी आली. आता ती दोन वर्षांची आहे आणि कोंबड्यांच्या मागं अंगणभर पळते.

क्रांती सिस्टर अधूनमधून मोहसीनला विचारून त्याचा नंबर नव्या बापांना देते. परवा वडूजच्या जयराजचा फोन आला. त्याचं बाळ पेटीत होतं. मोहसीननं टँकर लिंबाखाली उभा केला.

"हात लावायला भ्या वाटतंय," जयराज म्हणाला.

"वाटणारच गड्या. मला बी वाटलं. भीत भीतच घे, पण घे."

मग त्यानं हात कसे धुवायचे, खुर्चीत कसं टेकायचं, सगळं सावकाश सांगितलं. पुढच्या वस्तीवर त्या दिवशी टँकर जरा उशिरा पोहोचला.