पाच बिस्मिल्ला

“पंधरा सेकंद!” मी स्टॉपवॉच दाबून म्हटलं. “सहाही गोळ्या मधोमध. पण हसन, पंधरा सेकंदांत माणूस चहा पिऊन येतो.”

हसनने रिव्हॉल्व्हर रिकामं करून मला दाखवलं. “आधी माशाल्ला तर म्हण, इब्राहिमभाय. एकही चुकली नाही.”

साठ सालानंतरची ती वर्षं. यूएई हे नाव तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हतं. शारजाबाहेरच्या वाळूत आमच्या कंपनीच्या गार्डांची रेंज होती, म्हणजे नेमबाजीचं मैदान. मी तिथे आर्मरर. हत्यारांचा मिस्त्रीच म्हणा ना. साफसफाई, दुरुस्ती, गोळ्या मोजून देणं आणि घड्याळ धरणं, सगळं माझ्याकडे. हसन गार्ड होता, माझ्यासारखाच रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा.

आमच्या इंग्रज कॅप्टनसाहेबांनी त्या वर्षी नव्या तऱ्हेची मॅच काढली. एका जागी उभं राहून गोल फळीवर निवांत नेम धरायचा, हे सगळ्यांनी केलं होतं. इथे रिव्हॉल्व्हर कमरेला. शिट्टी वाजली की उपसायचं आणि माणसाच्या आकाराच्या सहा तपकिरी फळ्यांवर एकेक गोळी झाडायची. मधोमध लागली तर पाच मार्क, कडेला तीन. एकूण मार्कांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येईल तो स्कोअर. म्हणजे हळू मारणारा मार खाणार आणि चुकणाराही मार खाणार. शिवाय चौथ्या फळीला अर्धी झाकून एक पांढरी फळी. ती आपला माणूस. तिला गोळी लागली तर दहा मार्क वजा.

साहेब या मॅचमधून इन्स्ट्रक्टर निवडणार होते, आणि इन्स्ट्रक्टरला फॅमिली क्वार्टर होतं. हसनची बायको जुबेदा गावी होती आणि तीन वर्षांची एक मुलगी, जिचं तोंड त्याने फोटोतच पाहिलेलं. जुबेदाचं पत्र आलं की तो माझ्या स्टोअरच्या खिडकीशी येऊन वाचून दाखवायचा. क्वार्टरला खिडक्या किती, हेही तिने विचारलं होतं.

मला आकडेमोडीची भारी हौस. हसनचे तीस मार्क, पंधरा सेकंद: स्कोअर दोन. शेर मोहम्मद नावाचा बलुची गार्ड दहा सेकंदांत बावीस मार्क करायचा: दोन पूर्णांक दोन. म्हणजे एकही मधली न चुकवता आमचा माणूस हरत होता!

मग मी हसन पाच सेकंद कुठे घालवतो ते शोधायला बसलो. सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक गोळीआधी तो पुटपुटायचा, “बिस्मिल्ला.” त्याचे वडील खाडीत पाग टाकून मासे धरायचे. प्रत्येक वेळी जाळं फेकण्याआधी नाव घ्यायचे. तीच सवय याला. सहा गोळ्या, सहा बिस्मिल्ला.

“सुरुवातीला एकदाच म्हण,” मी म्हटलं. “अल्लाला एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का?”

“मोठा तू आहेस,” तो म्हणाला. “तुला यातलं कळतं. तू सांगशील तसं.”

तीन आठवडे मी त्याच्या मागे घड्याळ घेऊन उभा राहिलो. “यल्ला, हसन, यल्ला!” बारा सेकंद. अकरा. शेवटी दहा सेकंद, चोवीस मार्क. दोन पूर्णांक चार! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. पांढरी फळी तेवढी सरावात कधी लावली नाही. ती स्टोअरच्या मागच्या कोपऱ्यात होती आणि जड होती. तिला मार्क नाहीत, मग उचलून न्यायची कशाला, असा माझा विचार.

मॅचच्या सकाळी शिट्टी वाजली. हसनने एकदाच ओठ हलवले आणि सुटला. साडेनऊ सेकंद. इतका जलद तो कधीच गेला नव्हता. मी घड्याळ वर धरून जवळजवळ नाचलो. साहेब मात्र फळ्यांकडे चालत गेले आणि पांढऱ्या फळीपाशी थांबले. तिच्या छातीवर भोक होतं.

“नो, हसन,” साहेब हळूच म्हणाले. “ये तो अपना आदमी था.”

हसन त्या भोकाकडे पाहत राहिला.

शेर मोहम्मद पहिला आला. पण पोस्ट मिळाली तिसऱ्या आलेल्या, सावकाश मारणाऱ्या एका गार्डला. संध्याकाळी गोळ्यांच्या रजिस्टरवर सही करताना साहेब म्हणाले, “तेज आदमी मुझे नहीं चाहिए था. साल भर हसन को देखा. वो थर्ड आता तो भी उसी को देता. आज उसको इतनी जल्दी क्यों थी?”

मी म्हणालो, “पता नहीं, साहब.”

तेव्हा खरं बोललो असतो तर कदाचित काही झालं असतं. कदाचित नसतंही. पण मी घाबरलो, आणि ते खोटं आजही मला टोचतं.

नंतर डोकं थंड झाल्यावर कळलं. प्रत्येक बिस्मिल्लात हसन श्वास सोडत होता आणि समोर कोण आहे ते बघत होता. ज्याला मी वाया गेलेला वेळ समजत होतो, त्याच वेळात तो नेम धरत होता. आर्मरर मी, हे मला दिसायला नको होतं का?

हसनने मला एक शब्दही ऐकवला नाही. दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट खलास झालं तेव्हा रिव्हॉल्व्हर जमा करायला खिडकीशी आला. मला राहवलं नाही.

“हसन, त्या दिवशी चूक माझी होती.”

“जाऊ दे, इब्राहिमभाय. तू माझ्या भल्यासाठीच सांगत होतास.”

त्याने सहा गोळ्या एकेक करून काउंटरवर ठेवल्या, प्रत्येकीला बिस्मिल्ला म्हणत. मी मोजल्या. बरोबर सहा. मुलगी तोवर पाच वर्षांची झाली होती.

त्यानंतर बरीच वर्षं मी त्या रेंजवर घड्याळ धरलं. पांढरी फळी सरावाला रोज स्वतः उचलून नेली. आणि कुणी कितीही वेळ लावला तरी सेकंद लिहून घेतले, तोंड बंद ठेवलं.