आत्तापुरतं टाकलेलं खातं

हेमचंद्रांना कौतुकाची भूक भारी. केमिकल कारखान्यात ऑफिसर म्हणून उभी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर अंबरनाथ पूर्वेच्या निम्म्या बिल्डिंगचे कॉम्प्युटर ते फुकट बघून देत. फुकट म्हणजे पैसे नकोत. वाहवा मात्र रोख हवी.

बदलापूर गावातल्या तुळशीबाई त्यांच्याकडे दरवर्षी जांभळं विकायला येत. झाडं वडिलांच्या वेळची. भाऊ बाळाला तो तुकडा बिल्डरला द्यायचा होता आणि घोडं बहिणीच्या सहीपाशी अडलं होतं. तुळशीबाईंनी पुण्याच्या एका सरबत कंपनीला नमुना पाठवला. कंपनी म्हणाली, माल किती, भाव काय, सगळं ईमेलवर कळवा. कंपनीने माल घेतला तर झाडं राहतील, नाहीतर सही, असं बहीणभावात ठरलं.

तुळशीबाईंच्या मोबाइलवर ईमेल जोडून द्यायला हेमचंद्र गावात गेले. मेल येऊ लागले, पण जाईनात. बाहेर जाणाऱ्या मेलचा सर्व्हर तुळशीबाईंचा पासवर्ड काही केल्या घेईना. ओटीवर शेजारपाजार जमलेला.

बाळा म्हणाला, "साहेब, नाय जमत तर राहू द्या."

झालं! साहेबांना मिरची झोंबली. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं एक जुनं, वापरात नसलेलं खातं पासवर्डासकट ठोकून दिलं. आत्तापुरतं, पुन्हा येऊन नीट करू. मेल गेला, सगळे खूश झाले, आणि साहेब भरल्या पिशवीनिशी घरी येऊन ते साफ विसरले.

पावसाळा सरता सरता काही जुना कागद शोधायला त्यांनी ते खातं उघडलं, तर त्यात सरबत कंपनीचे मेल. तुळशीबाईंचा मेल त्यांच्या खात्यातून गेला होता, म्हणून कंपनीने उत्तरही तिथेच धाडलं होतं. एकदा नव्हे, दोनदा.

"आता सांगून काय होणार?" बायको, कुंदाताई, म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

हेमचंद्रांनाही ते पटलं, आणि पटलं याचीच त्यांना लाज वाटली. ताट तसंच सारून ते उठले आणि रिक्षा करून बदलापूर गावात गेले.

घरामागे पत्र्याचं कंपाउंड उभं राहिलं होतं. आत झाड म्हणून उरलं नव्हतं.

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "मेल माझ्या खात्यातून पाठवला आणि तुम्हाला बोललो नाही. कंपनीचं उत्तर माझ्याकडे पडून राहिलं. चूक माझी." बाळा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. त्याच्याकडे बघायची हेमचंद्रांची हिंमत होईना.

"मी समजले, माल पसंत नाय पडला," तुळशीबाई म्हणाल्या. "मोठी मानसं, कितीदा इचारायचं? काय लिवलंय त्यांनी?"

हेमचंद्रांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "‘इतकी गोड आणि गरदार जांभळं आम्ही आजवर चाखली नव्हती. सगळा माल घेऊ, दरवर्षी घेऊ. गाडी कधी पाठवू?’"

आता ही बाई शिव्या घालील, रडेल, म्हणून ते मान खाली घालून थांबले. ती घालती तर बरं झालं असतं. तुळशीबाईंचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे आवडली व्हती त्यांना?" त्यांनी बाळाकडे बघितलं. "ऐकलंस? बाबांच्या झाडांची जांभळं." मग पदर सावरून त्या समोर नीट बसल्या. "परत वाचा ना, साहेब."

हेमचंद्रांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. गाडीची ओळ आली, ती मात्र न वाचताच त्यांनी मोबाइल खिशात घातला.