एका वर्षाची मुदत

पतसंस्थेचे संगणक सांभाळणारे दशरथभाऊ आमच्या घोडेगाव शाखेत आले की आधी कुणाच्या तरी मागे गुपचूप उभे राहायचे. पडद्यावर इशाऱ्याची चौकट आली आणि समोरच्याने न वाचता 'होय' दाबलं, की मागून आवाज यायचा.

"कुंदाताई, दारात कोण हाय ते न बघताच कडी काढता व्हय घरी?"

कुंदा आमची कॅशियर. ती म्हणायची, "भाऊ, तुमी आल्यावर काढतच नाय आता!"

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पतसंस्थेचे खरे संगणक जुन्नरच्या मुख्य कचेरीत गेले होते. आमच्या टेबलांवर नुसता पडदा, कळफलक आणि एक छोटी डबी. डबी जुन्नरच्या सर्व्हरला जोडली जाई, तेव्हा सर्व्हर आपला ओळखीचा दाखला दाखवी. तो दाखला बाहेरच्या कंपनीचा नव्हता. दशरथभाऊंनी स्वतः बनवलेला होता, आणि तो खरा मानायचा हे प्रत्येक डबीला त्यांनी हाताने शिकवलेलं होतं. ते शिकवलं नाही, किंवा मुदत संपली, की ती चौकट यायची.

मुदत ते एकच वर्षाची ठेवत. मुदत संपायची वाट बघत, चौकट येऊ देत, कोण वाचतं ते पाहत आणि मगच नवा दाखला घालत. त्यासाठी दरवर्षी एसटीने शाखाशाखांतून फिरत. नव्या दाखल्याची सीडी जेवणाच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली. संचालक वैतागत. "दहा वर्षांची घाला की एकदाच."

"मंग दहा वर्षं कुणी वाचणार न्हाई, साहेब. सवय मोडंल."

काम झालं की प्रत्येकाकडून मुदतीची तारीख मोठ्याने वाचून घ्यायचे. आम्ही हसायचो, पण वाचायचो.

शेवटच्या खेपेला ते पायऱ्यांवरच बसले. सदरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. मी तब्येत विचारली.

"पित्त लई झालंय," म्हणाले. पित्ताने माणूस असा वाळत नाही.

त्या दिवशी ते कुणाच्या मागे उभे राहिले नाहीत. सरळ कामाला लागले. शेवटी कुंदाने तारीख वाचायला घेतली आणि थांबली.

"भाऊ, चुकलं का काय? ही तर दहा वर्षांनंतरची हाय."

"नाय चुकलं."

"मंग पुढच्या वर्षी?"

"आता तुमाला वाचायची सवय झाली. माझं काय काम?"

मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. स्टँडवर जाऊन मी त्यांना पुढची, खिडकीची जागा धरून दिली. गाडी निघताना त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीला डोकं टेकलं. थंडी पडायच्या आत ते गेले.

आमचं काम अडलं नाही. रोज सकाळी पडदे उजळायचे, चौकट येत नसे. दोन नव्या मुली कामाला लागल्या. मी त्यांना सगळं शिकवलं, चौकट मात्र दाखवणार कुठून?

काही वर्षांनी जुन्नरच्या कचेरीने आम्हाला न सांगता सर्व्हर बदलला. सकाळी आमच्या चारही पडद्यांवर ती चौकट एकदम आली: हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जायचं का?

"थांबा," म्हणत मी खुर्चीतून उठले. तोवर बाकी तिन्ही टेबलांवर 'होय' दाबून झालं होतं. कुंदाच्याही.

भाऊंच्या दाखल्याची मुदत तेव्हा बरीच शिल्लक होती.