आई कशी होती

सिग्सिग गावच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या इंग्रजीच्या वर्गात तार्सिला सगळ्यांत म्हातारी होती. वय चौसष्ट, काम गवताच्या टोप्या विणण्याचं. बाकीचे शिकत होते ते न्यूयॉर्कला जायचं म्हणून. तिला कुठे जायचं नव्हतं.

तिचा मुलगा विल्मेर वीस वर्षांपूर्वी गेला तो तिकडचाच झाला. त्याचा बाप वारला तेव्हा कागदपत्रं नाहीत म्हणून त्याला येता आलं नाही. फोनवर तार्सिलाच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बापाला परक्यांनी खांदा दिला." त्यानंतर चार वर्षं त्याचा फोन नाही. पैसे मात्र दर महिन्याला यायचे, मुकाट्याने.

मग जूनमध्ये त्याच्या मुलीने, मेलनीने, कुठून तरी आजीचा नंबर मिळवून आपला फोटो पाठवला. खाली इंग्रजीत दोन ओळी. मेलनीला दुसरी भाषाच येत नव्हती. तार्सिला फोन घेऊन इंग्रजीचा वर्ग घेणाऱ्या नोएमी मास्तरीणबाईंकडे गेली.

बाईंनी वाचून सांगितलं, "ती विचारतेय, तिकडे कुणी माझ्यासारखं दिसतं का? इथे मी कुणावरच गेलेली नाही."

तार्सिलाने फोटो पुन्हा पाहिला. रुंद कपाळ, डावी भुवई जराशी वर चढलेली, खालचा ओठ पुढे. ही तर तिची आई, दोरिला. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेली आई जीन्स घालून बसस्टॉपवर उभी होती.

दाखवायचं कुणाला? बहीण वारलेली. शेजारची माणसं न्यूयॉर्कला, तीन घरांना कुलपं. दोरिलाला पाहिलेले दोन म्हातारे उरले होते. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला आठवत नव्हतं. मेलनीला आपणच सांगावं म्हणून पुढच्याच सोमवारी तिने वर्गात नाव घातलं.

ऑगस्टमध्ये धडा आला, घरात कोण कुणासारखं दिसतं.

"माझं नाक बापावर गेलंय," सेगुंदो खाटीक म्हणाला, "आणि पोट सासऱ्यावर."

"सासऱ्यावर कसं जाईल?" नोएमीने विचारलं.

"रोज त्याच्याच घरी जेवतो ना, बाई."

वर्ग हसला. मग तार्सिला उठली आणि अडखळत इंग्रजीत म्हणाली, "माझी नात माझ्या आईसारखी दिसते."

"छान. दोघींचे फोटो दाखवा की."

"नातीचा आहे. आईचा कधी कुणी काढलाच नाही."

"मग आजी, तुम्ही म्हणाल तेच खरं," सेगुंदो म्हणाला. तो टिंगल करत नव्हता. पण खाली बसताना तार्सिलाला वाटलं, खरंच, आपण डोळे मिटले की हे सारखेपण कुणाला कळणारही नाही.

रविवारी दुपारी तिने मेलनीला फोन लावला आणि वर्गातलं ते वाक्य म्हटलं.  मग मुलीने हळूच विचारलं, "व्हॉट वॉज शी लाइक?"

'लाइक' म्हणजे सारखं दिसणं, धड्यात तसंच होतं. तार्सिलाने पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. बुटकी होती. केस लांब होते. डोळे काळे.

"अच्छा," मेलनी म्हणाली. थोड्या वेळाने फोन ठेवला.

बुधवारी वर्गात तिने तो प्रश्न नोएमीला सांगितला.

"आजी, दिसण्याचं नव्हती विचारत ती. 'कशी होती' म्हणजे माणूस कसं होतं, स्वभाव काय होता."

 जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तार्सिलाच्या आईबद्दल विचारलं होतं, आणि तिने उंची सांगितली होती.

दोन दिवस ती विणताना शब्द जुळवत राहिली, भिजवलेलं गवत हातात वाळून तुटायचं. शेवटी चार ओळी झाल्या. माझी आई थोडं बोलायची. रागावली की दिवसभर विणत बसायची. दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. तुझ्या बाबाला तिनेच चालायला शिकवलं. नोएमीने फक्त एक क्रियापद दुरुस्त केलं, आणि तार्सिलाने त्या मेलनीला पाठवल्या.

उत्तर नवव्या दिवशी आलं. 'बाबा म्हणतो, ती गायची पण सूर कधीच लागायचा नाही. खरं का?'

खरं होतं. तार्सिला तेच विसरली होती. तिने लगेच लिहिलं, 'बाबा जवळ आहे?'

'कामावर गेला.'

पुढच्या रविवारी मेलनीनेच फोन केला. तिच्या मागे कुणीतरी भांडी विसळत होतं. तार्सिलाने इंग्रजी सोडलं आणि मोठ्याने आपल्या भाषेत विचारलं, "विल्मेर, जेवलास का रे?"

पाण्याचा आवाज थांबला.

"तो हो म्हणतोय," मेलनी म्हणाली.

मग नळ पुन्हा सुरू झाला. मेलनी भराभर काहीतरी सांगू लागली, शाळेचं असावं. तार्सिलाला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. ती फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिली.